कारखान्याच्या वासाची तक्रार करताना 'वास येतो' एवढंच लिहू नका

तुम्ही विचारलंय की घराजवळच्या फरसाण-वेफर्सच्या कारखान्याचा वास सहन होत नाही, तक्रार कुठे करायची आणि तिचा उपयोग होतो का. होतो. आम्हाला दीड वर्ष लागलं, पण त्यातलं पहिलं वर्ष आमच्याच चुकीमुळे वाया गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला राहतो. मागच्या भिंतीपलीकडे वेफर्सचा कारखाना आहे. पहिल्या अर्जावर 65 सह्या होत्या आणि मजकूर एका ओळीचा: तळणाचा असह्य वास येतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले ते सकाळी 11 वाजता. वारा सुटलेला, वास नाही. धुराडं तपासलं, ठीक निघालं, अर्ज निकाली. हवेच्या गुणवत्तेची 2009 ची राष्ट्रीय मानकं 12 प्रदूषकांची आहेत. त्यात अमोनिया आहे, पण 'दुर्गंधी' असा रकाना नाही. त्यामुळे नुसतं नाक पुढे करून भागत नाही.

मग शेजारच्या काकूंनी वही घातली. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला. पाणी पहाटे येतं म्हणून त्या चारलाच उठतात, त्यांच्या नोंदी सगळ्यात चोख. दोन महिन्यांनी वही वाचली आणि आम्ही चाटच पडलो. तळणाचा वास दिवसा होता आणि तसा सोसण्याजोगा. पोटात ढवळून यायचं ते सडक्या अंड्यांसारख्या वासानं, रात्री 11 ते पहाटे 5. आणि रात्री तर तिथे कढईच चढत नव्हती!

तो वास सांडपाण्याच्या टाकीचा होता. बटाटे धुतलेल्या पाण्यात भरपूर स्टार्च असतो. टाकीत सतत हवा सोडली नाही की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. तो वरचा थर झाकणासारखा बसतो, वास वर जातच नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत आमचे हाल जास्त.

टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवतात हे आम्हाला कारखान्यातल्याच एका बाईंनी सांगितलं. आमच्या मागच्या वस्तीतल्या कितीतरी बायका तिथे पॅकिंगला जातात. 'कारखाना बंद करा' असं आम्ही म्हणत होतो तोवर त्या आमच्याशी बोलतही नव्हत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. ती मागणी सोडल्यावर त्या बोलल्या. तुम्हाला कुणी असं काही सांगितलं तर त्यांचं नाव अर्जात चुकूनही येऊ देऊ नका.

दुसरा अर्ज मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना. सोबत वहीच्या प्रती आणि कारखान्याचं संमतीपत्र, म्हणजे मंडळानं कारखाना चालवायला दिलेली अटींसह परवानगी. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी साठवायचं नाही, दुर्गंधी होऊ द्यायची नाही, अशा अटी त्यातच होत्या. संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा, नाही सापडलं तर माहिती अधिकारात मागा. पहाटे पाहणी करा, अशी लेखी विनंती केली. पाचला गाडी आली. कारणे दाखवा नोटीस निघाली, टाकीतला गाळ उपसला, ब्लोअर रात्रीही चालू राहिला. तळणाचा वास अजून येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मंडळानं दाद दिली नाही तर प्रांताधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 152. याच जुन्या कलमाखाली 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रतलाम नगरपालिकेला तुंबलेल्या गटारांबद्दल सुनावलं होतं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पुण्याच्या हरित लवादाचा, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, रस्ताही आहे, पण तिथे अर्ज करायला साधारण 6 महिन्यांची मुदत असते, ती वकिलांकडून आधीच समजून घ्या.

तुमच्याकडे वास कोणत्या वेळी येतो आणि कसला, तळणाचा, जळक्या तेलाचा की नासल्यासारखा, ते इथेच कळवा. अर्जाचा मसुदा करायला मी मदत करेन.