किरिबाटी की किरिबास?

प्रश्न असा आला आहे: प्रशांत महासागरातल्या एका देशाचं नाव मराठी बातम्यांत कधी ‘किरिबाटी’, कधी ‘किरिबाती’, तर कधी ‘किरिबास’ असं छापून येतं. बरोबर कोणतं?

माझं उत्तर: किरिबास. तिथले लोक तसंच म्हणतात. रोमन अक्षरांत शेवटी ‘टी-आय’ लिहितात म्हणून आपण फसतो.

त्या भाषेची वर्णमाला जेमतेम १३ अक्षरांची. तिच्यात ल, ग, च, फ नाहीत आणि स साठीही वेगळं अक्षर नाही. पण स चा आवाज मात्र आहे, कारण त च्या पुढे इ आली की त चा स होतो. ‘त्याची आई’ किंवा ‘तिची आई’ यासाठी शब्द आहे ‘तिनाना’, उच्चार ‘सिनाना’. दूरच्या नात्यातल्या सामोअन भाषेत आईला ‘तिना’ म्हणतात, म्हणजे मूळचा आवाज त चाच. इ च्या शेजाराने त्याचा स झाला.

आपल्याकडे हे नवं नाही. म्हैस, पण म्हशी. ई आली आणि स चा श झाला. ‘माझा’ आणि ‘माझी’ सावकाश म्हणून पाहा: पहिल्यात जीभ दातांपाशी, दुसऱ्यात टाळूकडे. फरक एवढाच की म्हशीचा बदल आपण लिहितो आणि माझीचा लिहीत नाही. दोन्हींकडे झ एकच. कोणता म्हणायचा हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. किरिबासच्या लोकांनी लेखनात ‘माझा-माझी’ची वाट धरली. अक्षर त चंच ठेवलं, उच्चार जिभेवर सोपवला.

ही लेखनपद्धती घडवली हायरम बिंगहॅम (धाकटे) या अमेरिकन मिशनऱ्याने. तो १८५७ साली अबाइआंग बेटावर उतरला आणि पुढे अख्खं बायबल त्या भाषेत आणलं. त्याच्या टाइपरायटरची स ची कळ मोडलेली होती म्हणून असं लिहिलं गेलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती मला पटत नाही. १८५७ मध्ये टाइपरायटर विकायला आलेलेच नव्हते, आणि ‘सिनाना’ला मोडकी कळ लागत नाही.

आता देशाचं नावच उलगडून पाहू. थॉमस गिल्बर्ट हा इंग्रज कप्तान १७८८ साली या बेटांजवळून गेला, त्यावरून ‘गिल्बर्ट्स’. ग नाही, म्हणून क. ल नाही, म्हणून र. जोडाक्षर पेलत नाही, म्हणून मध्ये स्वर: कि-रि-बा. शेवटच्या ‘ट्स’साठी हाताशी होती ती ‘ति’, जिच्यातला स ऐकू येतो आणि इ जवळजवळ विरून जाते. १२ जुलै १९७९ ला देश स्वतंत्र झाला तो याच नावाने. म्हणजे किरिबास हे ‘गिल्बर्ट्स’चंच तिथल्या तोंडात बसलेलं रूप आहे, जसं आपल्याकडे ‘हॉस्पिटल’चं इस्पितळ झालं. गिल्बर्ट बेटांचं जुनं, घरचं नाव मात्र तुंगारू.

त्याच देशातलं ‘किरितिमाति’ बेट वाचलंत तर काहीच बोध होत नाही. ‘ति’च्या जागी स ठेवून म्हणा: किरिस्मास. ख्रिसमस! कॅप्टन कुक तिथे १७७७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी पोचला होता. राष्ट्राध्यक्षाला लिहितात ‘बेरेतितेन्ति’, म्हणतात ‘बेरेसितेन्स’. इथे ‘प्रेसिडेंट’ आपोआप कानावर येतो.

जाता जाता, मला या भाषेतला सगळ्यात आवडता आवाज ङ आहे. आपला ङ बिचारा ‘वाङ्मय’सारख्या मोजक्या शब्दांत उरलाय, तोही क्वचितच नीट उच्चारला जातो. शब्दाच्या सुरुवातीला तर तो कधीच येत नाही. तिथे ‘मी’ म्हणायला शब्दच ‘ङाइ’ आहे. एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

देवनागरी आपली, आवाज लिहायला समर्थ. तेव्हा रोमन अक्षरांमागे जाऊन ‘टी’ लिहिण्यात अर्थ नाही. किरिबास लिहा.