घरच्या अंगणात आखीव, अभिजात शैलीचं जलोद्यान करायचं आहे. मधलं कारंजं किती उंच आणि पंप कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की २० बाय ६ फुटांचा आयताकृती हौद, दोन्ही अंगांना छाटलेली हिरवी कड आणि मधोमध कारंजं असा बेत आहे. अडलंय ते पंपावर. मला काळजी वाटते ती तुमच्या काठाची, कारण त्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही.

आमचा हौद १८ बाय ५. खोदाई, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग सगळं चोख झालं. काठाचे दगड बसवायच्या आठवड्यात मी घरी नव्हते, थोरला भाऊ कामावर लक्ष ठेवून होता. गच्ची असो की न्हाणीघर, ढाळ द्यायचाच हे गवंड्याच्या हाताला पक्कं बसलेलं. त्याने काठालाही लांबीत ढाळ दिला. हौद कोरडा होता तोवर मलाही काही जाणवलं नाही. पाणी भरलं आणि पोटात गोळाच आला. एका टोकाला पाणी दगडाच्या कडेवरून सांडायला लागलेलं, तर दुसऱ्या टोकाला दोन बोटं भिंत उघडी, करडी, सिमेंटचे थापीचे फराटे दिसणारी. एकदा ते दिसलं की दुसरं काही दिसेना.

दादा म्हणाला, "दोन बोटांनी काय आभाळ कोसळतंय? कुंड्या ठेव, झाकून जाईल." मी सगळे दगड उचकटायला लावले. त्यावरून आम्ही दोन महिने धड बोललो नाही, पण मी आजही तेच करीन. नैसर्गिक वळणाचं तळं असतं तर गवत, गोटे, काहीही चाललं असतं. आखीव बागेत काठाची रेघ हीच बाग असते, आणि तिच्या शेजारी पाणी कायम खरी पातळी दाखवत बसलेलं असतं. चूक लपायला जागाच नाही.

दुसऱ्या वेळी मी स्वतः उभी राहिले. पारदर्शक नळी पाण्याने भरली (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं), आत एकही बुडबुडा राहू दिला नाही, आणि चारी कोपरे व मध्ये दर तीन फुटांवर खुणा केल्या. नुसत्या स्पिरिट लेव्हलवर विसंबू नका. प्रत्येक वेळी केसभर चुकली तरी १८ फुटांत ती चूक साठत जाते. दोन्ही कर्ण मोजून सारखे भरले तरच पुढे जा. मी एका सुताचाही फरक चालवून घेतला नाही. ढाळ द्यायचाच तर दगडाच्या रुंदीत, बाहेरच्या बाजूला द्या, म्हणजे पावसाची माती हौदात येणार नाही. दगड आत इंच-दीड इंच पुढे काढा, त्याच्या सावलीत पाण्याची रेघ सुबक दिसते. ओव्हरफ्लोचं तोंड दगडाच्या वरच्या पातळीपासून तीनेक इंच खाली ठेवा आणि हौद तिथपर्यंत भरलेला राहू द्या. आतून रंग गडद हवा. फिकट निळ्या हौदात आभाळ उतरत नाही, तळ दिसतो.

आता कारंजं. दादाचा त्याबाबतही आग्रह होता आणि दाखला कायम इटलीतल्या टिवोलीच्या व्हिला द'एस्ते या बागेचा. ती १६व्या शतकातली बाग डोंगरउतारावर आहे, नदीचं पाणी वरून आणून पंपाशिवाय तिथली कारंजी उडवली. उताराचा तो जोर हेच तिचं सौंदर्य. आपल्या सपाट अंगणाला तो दाखला लागूच पडत नाही. आपण बघायचं ते स्पेनमधल्या अल्हंब्रा राजवाड्यातलं मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) कुंपणाचं अंगण. हौद सुमारे ३४ मीटर लांब, आणि कारंजी दोन टोकांना, अगदी बुटकी. त्यांचं पाणी चिंचोळ्या पन्हळीतून हळूच आत सरकतं, त्यामुळे मधलं प्रतिबिंब मोडत नाही. म्हणून म्हणते, मधोमध कारंजं नकोच. ठेवायचंच असेल तर नोझलपासून जवळच्या काठापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच उंची, म्हणजे तुमच्याकडे तीन फूट. वारा लागत असेल तर त्याच्या निम्मी. पंप घेताना त्यावर लिहिलेला जास्तीत जास्त हेड (पाणी किती उंच चढवतो तो आकडा) पाहू नका, तुमच्या कारंज्याच्या उंचीला तो किती पाणी देतो ते पाहा. आणि कमळं लावणार असाल तर धारेपासून लांब. पानांवर सतत पाणी पडलेलं त्यांना सोसत नाही. निम्म्याहून जास्त पाणी मोकळं ठेवा.

हे आधीच लिहायला हवं होतं: घरात लहान मूल असेल तर हौदाचा बेत काही वर्षं पुढे ढकला, फूटभर पाणीही जीव घेतं. पंपाच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आणि नव्या सिमेंटच्या हौदात लगेच मासे सोडू नका. पाणी भरून, काही दिवस ठेवून, काढून टाका, असं दोन-तीनदा करा आणि पीएच तपासून मगच सोडा. ते सोडायलाच हवेत, नाहीतर स्थिर पाण्यात डास होतात. दादाचं कारंज्याच्या बाजूने हे एवढं म्हणणं खरं होतं; त्यावर आमच्याकडे गप्पी मासे आहेत.