माणसे बसवूनच पहिले उड्डाण का?

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यात नवा माग आला, की सूत चढवण्याआधी तो रिकामा चालवून पाहतात. मग अमेरिकेच्या स्पेस शटलच्या पहिल्याच उड्डाणात माणसे का बसवली? त्यातील जॉन यंग चंद्रावर उतरलेलेच का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो. होय, ते तेच जॉन यंग. १९३० साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले यंग अमेरिकी नौदलात चाचणी वैमानिक होते आणि १९६२ साली नासाने त्यांची निवड केली. जेमिनी, अपोलो आणि शटल या तिन्ही प्रकारच्या यानांतून त्यांनी प्रत्येकी दोन उड्डाणे केली. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चे प्रमुख म्हणून ते चंद्रावर उतरले.

मागाचा आपला दाखला अगदी रास्त आहे, कारण जेमिनी आणि अपोलो ही याने आधी माणसांविना उडवूनच तपासली गेली होती. शटलची रचना मात्र वैमानिक आत आहेत असे धरूनच केलेली होती. उतरताना चाके खाली सोडण्याचे कामसुद्धा त्यांच्याच हाती होते. १९७७ साली एंटरप्राइज हे चाचणीयान जम्बो विमानाच्या पाठीवरून सोडून जमिनीवर उतरवून पाहिले गेले, पण अवकाशात जाऊन परतण्याची परीक्षा बाकीच होती. ती १२ एप्रिल १९८१ रोजी यंग आणि रॉबर्ट क्रिपेन यांनी कोलंबिया या शटलमधून दिली. अग्निबाण पेटताच उठलेल्या दाबाच्या लाटेने यानाच्या मागील बाजूची, दिशा सांभाळणारी हलती फळी मर्यादेपलीकडे वाकली आणि उष्णतारोधक फरश्यांपैकी सोळा निखळल्या. तरीही पृथ्वीभोवती ३६ प्रदक्षिणा पूर्ण करून यंग यांनी यान कॅलिफोर्नियातील एका कोरड्या सरोवराच्या पात्रात अलगद उतरवले.

यावरून यंग बेफिकीर होते, असा अर्थ कृपया काढू नये. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण पुढे दिसते. डिसेंबर १९८३ मध्ये कोलंबियाच्याच दुसऱ्या एका मोहिमेत, उतरण्याच्या काही तास आधी, पाचपैकी दोन संगणक लागोपाठ बंद पडले, तेव्हा त्यांनी घाई न करता उतरणे कित्येक तास लांबवले. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर या शटलच्या दुर्घटनेत सात अंतराळवीरांचा मृत्यू झाल्यावर, वेळापत्रकासाठी सुरक्षेकडे दुर्लक्ष होत असल्याचे त्यांनी वरिष्ठांना लेखी आणि रोखठोक कळवले. पुढच्याच वर्षी अंतराळवीर कार्यालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडून गेले. हबल दुर्बीण अवकाशात नेणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे यायचे होते, तेही राहून गेले आणि पुढे त्यांना एकही उड्डाण मिळाले नाही. तरीही ते २००४ च्या अखेरीपर्यंत नासातच राहिले. त्यांनी पहिल्यांदा अवकाशात नेलेले कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ रोजी, डाव्या पंखाच्या उष्णतारोधक कडेला पडलेल्या भगदाडामुळे, सात जणांसह नष्ट झाले, तेव्हाही यंग तेथेच कामावर होते.