आधी घर की आधी शेत?

प्रश्न : ताई, आमच्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीची जागा, आजूबाजूच्या शेतांपेक्षा पुरुषभर उंच आहे. पावसाळ्यात तिच्यातून खापऱ्या निघतात. मुलगा म्हणतो, शेती सुरू झाली म्हणून माणूस गाव करून राहिला. माझे वडील म्हणायचे, आधी घर, मग शेत. खरं कोणाचं?
– एक शेतकरी, शिरपूर तालुका

उत्तर : भाऊ, पैज लागली असेल तर वडिलांच्या बाजूने लावा. जॉर्डन खोऱ्याच्या वरच्या अंगाला ऐन मल्लाहा इथे 14 हजार वर्षांपूर्वी लोक दगडी पायाच्या गोल झोपड्या बांधून राहत होते. हरणं मारायची, रानातलं धान्य वेचायचं. शेताचा पत्ता नाही. तिथे घरातल्या उंदरांचे दातही सापडलेत. उंदीर मुक्कामाला आला, म्हणजे माणूस तिथून फारसा हलत नव्हता!

शेती मागाहून आली. तुम्ही तीळ लावत असाल तर हे पटकन कळेल. कापणीला चार दिवस उशीर झाला की बोंडं उलतात आणि दाणे मातीत. रानगव्हाची ओंबीही पिकली की अशीच झडायची. ज्या थोड्या ओंब्या झडत नव्हत्या, त्याच जास्त घरी आल्या, त्यांचंच बी पुढे पेरलं गेलं. न झडणारा गहू सगळीकडे व्हायला हजार वर्षांहून अधिक काळ गेला.

आणि दळण? सीरियातल्या अबू हुरेरा गावात बायकांच्या सांगाड्यांत पायाचे अंगठे, गुडघे, कंबर झिजलेली दिसली. गुडघे टेकून, पायाची बोटं दुमडून तासन् तास दगडावर धान्य रगडायचं, त्याचा हा परिणाम. आमची आजी काळ्या मसाल्याचं वाटण करून पाट्यावरून उठताना म्हणायची, ‘मन्हा गुडघा गया व माय.’ मला तीच आठवली.

आपल्याकडची जुनी गावं, तापीकाठचं सावळदा किंवा धुळे जिल्ह्यातलं कवठे, सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीची. तोवर तांबं आलं होतं. जॉर्डन खोऱ्यातल्या जेरिको या फार जुन्या गावाच्या मानाने ती कालचीच.

पांढरी मात्र जेरिकोच्या टेकाडासारखीच वाढते. मातीची भिंत बसते, धाब्याचं मातीचं छत कोसळतं, चुलीची राख आणि शेणमाती साचते, त्यावर नवं घर उभं राहतं. ही माती लोक ट्रॉल्या भरभरून शेतात नेतात, कारण खताला चांगली. तुमच्याकडे अजून नेली नसेल तर थांबवा. लाल खापरीवर काळी नक्षी दिसली तर जागेवरच फोटो काढून मला पाठवा. खापरी उचलू नका.