ॲपमुळे मूल बोलायचे थांबेल का?

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून तो स्वमग्न आहे. आपण बोललेले त्याला बरेचसे कळते, पण स्वतः तो चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नाही. चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारे ॲप वापरून पाहा, असे त्याच्या वाचा-उपचार तज्ज्ञांनी सुचवले आहे. सासूबाई म्हणतात, मोबाइलच बोलू लागला तर हा तोंड कशाला उघडेल? शिवाय तीन आठवडे झाले तरी तो नुसती बटणे दाबत बसतो. पुढे काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंची काळजी बहुतेक घरांत ऐकू येते, म्हणून तिचे उत्तर आधी देते. या विषयावर गेली अनेक दशके अभ्यास झाले आहेत आणि चित्रांच्या आधारे संवाद साधल्यामुळे मुलांचे बोलणे मागे पडल्याचे त्यांत आढळलेले नाही. काही मुलांच्या बोलण्यात उलट थोडी भरच पडलेली दिसते. शब्द काढलाच पाहिजे हा ताण उतरतो आणि तोच शब्द दर वेळी त्याच सुरात कानावर पडतो, हे मुलांना मानवते.

बटणे दाबत बसण्याला मी खेळ म्हणणार नाही. तान्हे बाळ महिनोन्‌महिने 'बाबाबा' करते तेव्हा आपण त्याला गप्प करत नाही. हाही तसाच चाचपडण्याचा काळ आहे. अडचण अशी की, बहुतेक घरी मुलाच्या हाती फोन दिला जातो आणि मोठी माणसे मात्र तोंडानेच बोलत राहतात. बाळ भाषा ऐकून शिकते, तशी आपल्या मुलाला ही भाषा पाहून शिकायची आहे. म्हणून जेवायला बसल्यावर आपणच 'भाकरी'वर आणि मग 'अजून'वर बोट ठेवावे, तोंडाने तेच म्हणावे आणि मनात दहा अंक मोजून थांबावे. ते थांबणेच सर्वांत कठीण जाते. माझ्या वर्गातली एक मुलगी कित्येक महिने पोह्यांची बशी ढकलून देत असे आणि आम्ही तिला हट्टी समजत होतो. एके दिवशी तिने शांतपणे 'नको' दाबले. आम्ही लगेच बशी उचलली आणि त्या दिवसापासून तिने बशी ढकलली नाही. 'आंबा कुठे आहे, दाखव' अशी परीक्षा मात्र घेऊ नये.

ॲप मराठीच निवडावे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' मोफत आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. घरची ताटवाटी, आजी, अंगण यांचे फोटो घालता येतात तेथे ते जरूर घालावेत. चित्रांच्या जागा सारख्या बदलू नयेत, कारण बोटाला जागेची सवय होते. शक्य असल्यास या कामासाठी वेगळा जुना फोन किंवा टॅब ठेवावा. तसे जमत नसेल तर पडद्यावर एकच ॲप उघडे ठेवणारी सोय, म्हणजे अँड्रॉइडवर 'स्क्रीन पिन' आणि आयपॅडवर 'गायडेड ॲक्सेस', चालू केल्यास मुलगा व्हिडिओंकडे वळणार नाही. दंगा केला म्हणून हे साधन काढून घेण्याची शिक्षा कधीही करू नये. रागावलेल्या मुलाला त्याची गरज सर्वांत अधिक असते.

जेवण वाढताना 'अजून'चे बटण दाबण्याचे काम सासूबाईंकडेच द्यावे, असे मी सुचवेन. वीज गेली किंवा बॅटरी संपली तर उपयोगी पडावा म्हणून त्याच चित्रांचा एक कागदी तक्ता, चित्रांचा क्रम तोच ठेवून, स्वयंपाकघरात टांगावा आणि दुसरा शाळेच्या दप्तरात ठेवावा.