नाशकात हायड्रेंजिया लावताय? आधी हे बघा

जागा पूर्वेची निवडा. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी पूर्ण सावली. एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं झाड करपतंच.

आपली काळी माती चुनखडीची, पाणी धरून ठेवणारी. थेट जमिनीत लावू नका. पहिली दोन वर्षं १४ इंची कुंडीच बरी. दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेलं पानखत.

दुपारी पानं माना टाकतात, ते बघून लगेच झारी उचलू नका. बोट दोन इंच खाली घाला. ओल असेल तर संध्याकाळी झाड आपोआप सावरतं. जास्त पाण्याने मात्र मुळं कुजतात.

बोअरच्या जड पाण्यावर निळी जातही गुलाबी होते, कारण त्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत मुळांना ॲल्युमिनियम मिळत नाही. निळाच हवा असेल तर कळ्या धरण्याआधीपासून चार लिटर पाण्यात १५ ग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवरच. हाडांचा चुरा टाळा. त्यातला फॉस्फरस ॲल्युमिनियम अडवतो. पांढरी जात निळी होत नाही, उगाच खर्च करू नका.

आता छाटणी. ‘फुलंच येत नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेकदा हीच असते. या झाडाच्या कळ्या जुन्या फांद्यांवर, थंडी सुरू होताना तयार होतात. दिवाळीच्या साफसफाईत शेंडे कापले की पुढच्या उन्हाळ्याची फुलं गेलीच. फुलं सुकली की लगेच, फार तर जुलैपर्यंत, जाड डोळ्यांच्या (फांदीवरच्या फुगीर कोंबांच्या) जोडीच्या जरा वर काप घ्या.