उरलेले 51 गुरुवार

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री पावणेबाराला आला. तेव्हाच उत्तर लिहायला बसले असते तर नुसतं रागावले असते, म्हणून सकाळी लिहितेय. राग पुरता गेलाय असं मात्र समजू नकोस.

तू तीन गोष्टी एकात कालवल्यास. ज्यांच्या घरी तू सेवेला जातोस, त्या खाटेला खिळलेल्या कळव्याच्या आजोबांनी "त्या पोराला परत पाठवू नका" म्हटलं, ते तुला लागलं. त्यांचा पाय हातात घेताना पोटात ढवळलं, त्याची लाज वाटली. आणि या दोन्हींतून तू तिसरं काढलंस, की जे मनापासून होत नाही ते करणं म्हणजे ढोंग, त्यापेक्षा रिट्रीटच्या, म्हणजे प्रार्थना-शिबिरांच्या, टीममध्ये जावं, तुझं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, तिकडेच असेल. या तिन्ही आधी वेगळ्या कर. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

आजोबांचं आधी बघू. आपल्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) कोण कुठल्या आजाऱ्याकडे कधी गेलं, याची वही माझ्यासमोर उघडी आहे. पहिल्या गुरुवारी तू गेलास, पाय धुतलेस, नखं कापलीस आणि निघताना "पुढच्या गुरुवारी येतो" म्हणालास. पुढच्या दोन गुरुवारी तुझ्या नावापुढे रकाना कोरा. ऐरोलीहून सुटायला उशीर झाला, ट्रान्स-हार्बरची गाडी रखडली, हे खरं असेलही. ते आजोबांना कुणी कळवलं? सूनबाईंनी दोन्ही संध्याकाळी पाणी तापवून ठेवलं होतं. आणि मग रविवारी भर दुपारी, न सांगता, तू चार मित्रांना घेऊन दारात उभा. त्यातल्या एकाच्या हातात मोबाइल, कॅमेरा सुरू. आजोबा खाटेवर, लुंगी वर सरकलेली, डाव्या पायाला अंगठा नाही. अशा वेळी माणूस दुसरं काय बोलणार होता?

वार चुकवू नकोस. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी वाच. खाटेला खिळलेल्या माणसाला सोमवार आणि शनिवार सारखेच असतात. त्या सपाट आठवड्यात तू गुरुवार नावाची एक खुंटी ठोकलीस. त्यांनी तिच्यावर आपलं काहीतरी टांगलं. मग तू खुंटीच उपटून नेलीस.

चांगल्या शमरोन्याची, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची, येशूनं सांगितलेली गोष्ट तुला पाठ आहे. सगळ्यांना त्यातलं तेल आणि द्राक्षारस आठवतो, जखमा बांधणं आठवतं. लूक 10:35 पुन्हा वाच. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो आणि सांगतो, अधिक खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. म्हणजे परत यायचं त्याच्या मनात ठरलेलं आहे, आणि ते त्याने दुसऱ्या माणसासमोर बोलून स्वतःला बांधून घेतलं आहे. मला त्या अख्ख्या दाखल्यात हेच वाक्य सगळ्यात जड वाटतं. रस्त्यात एकदा थांबणं कुणालाही जमेल, मन भरून आलं की पाय आपोआप थांबतात.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी कंबरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. ते बारा जण घरून पाय घासूनपुसून, धुतलेले मोजे घालून आलेले असतात. तांब्यातलं थोडं पाणी, मऊ पंचा, झालं. त्या विधीबद्दल मला मनापासून आदर आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात जाऊन तिथल्या मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुस्लिमही होते. 2016 मध्ये तर नियमच बदलला आणि या विधीत स्त्रियांनाही जागा मिळाली. हे सगळं मोठंच आहे. पण तो गुरुवार वर्षातून एकदा येतो. उरलेल्या 51 गुरुवारी येशूचा तो कंबरेचा पंचा कुठल्या खुंटीवर असतो, हे मला आपल्या धर्मग्रामाला विचारायचं असतं, आणि विचारलं की लोकांना मी कडवट वाटते. वाटू दे.

आता किळसेचं. ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेले, ही गोष्ट तू तरुणांच्या सभेत फार तन्मयतेनं सांगतोस. तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे डेमेट्रियस. ते ज्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संघातले, त्यानं मरणाआधी, 1226 साली, आपलं मृत्युपत्र सांगितलं आणि त्याची सुरुवात महारोग्यांपासून केली. त्यांच्याकडे नुसतं बघणंही त्याला फार कडू वाटायचं, हे तो स्वतः कबूल करतो. प्रभूनं त्याला त्यांच्यात नेलं, त्यानं त्यांच्यावर दया केली, आणि तिथून निघताना जे कडू होतं तेच गोड झालं होतं. क्रम नीट बघ. तो कडूपण घेऊनच आत गेला. तू मात्र दाराबाहेर थांबून गोडी यायची वाट बघणार, आणि ती येईना म्हणून स्वतःला ढोंगी म्हणणार. ढवळलं तर ढवळू दे, ते पोट आहे. मन लागलं नाही तरी वार चुकवू नकोस.

वासाचा त्रास कमी करायला उपाय आहेत, कुणी तुला सांगितले नाहीत ही आमची चूक. खिडकीच्या बाजूला बस, म्हणजे वारा तुझ्याकडून त्यांच्याकडे जाईल. सुरुवात टाचेपासून कर, बोटांपासून नको. टब नाकाखाली ओढून घेऊ नकोस. हातमोजे जखम असेल, कातडी फाटलेली असेल किंवा लघवी-शौचाने कपडे खराब झाले असतील तेव्हाच घाल. धडधाकट कातडीला उघड्या हातानं स्पर्श कर, कारण त्या माणसाला दिवसभरात दुसरा स्पर्श बहुधा झालेला नसतो. आधी आणि नंतर साबणानं चाळीस ते साठ सेकंद हात धू, बोटांच्या मधून, नखांच्या खालून.

पाणी कोमट हवं, आणि ते कोपर बुडवून बघायचं. आजोबांना विचारून उपयोग नाही. मधुमेहानं त्यांची पावलं बधिर झाली आहेत, कढत पाण्यातही ते "बरं वाटतंय" म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी फोड येईल. पाय पाण्यात फक्त दोन-तीन मिनिटं. तू कुठेतरी अर्धा तास भिजवायचं वाचलंस, ते कुष्ठरोगानं कोरड्या आणि बधिर झालेल्या पायांसाठी आहे. तिथे वीस-तीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवून, मऊ झालेली जाड कातडी खरखरीत दगडानं हलकेच घासून, ओल्या पायावरच तेल लावतात, म्हणजे ओल आत टिकते. मधुमेहाचा पाय तेवढा भिजवलास तर बोटांमधली कातडी फुगते, चिरते आणि तिथून जंतू शिरतात. दोन्ही घरी तुझी माया तीच असेल, पण रीत उलटी आहे. नुसत्या मायेवर विसंबू नकोस असं मी म्हणते ते याचसाठी.

पुसताना सगळे घाई करतात, आणि बिघडतं तिथेच. प्रत्येक दोन बोटांमधल्या फटीत पंचाचं टोक घालून पाणी टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीन टाचेला आणि तळव्याला लाव, फटींत अजिबात नको, तिथे ओल साचून बुरशी धरते. नखं सरळ आडवी काप, बोटाच्या टोकाला धरून. कोपरे कोरत बसलास तर नख मांसात वाढतं. नख जाड, पिवळं, वाकडं असेल तर नेलकटर खाली ठेव, ते नर्सचं किंवा डॉक्टरांचं काम. कुरूपाला ब्लेड लावायचं नाही, आणि औषधाच्या दुकानातली कुरूपाची पट्टीही नाही. तिच्यातलं आम्ल आजूबाजूची चांगली कातडीसुद्धा खातं.

मग बघणं. टॉर्च आणि हातातला छोटा आरसा यासाठीच पिशवीत असतो. तळवा, टाच, घोटा, बोटांच्या फटी. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून सोड. क्षणभर पांढरा झाला तर ठीक. लालच राहिला तर आतलं मांस दुखावू लागलंय, तिथे मालिश करायची नाही. पोटरीखाली उशी दे, अशी की टाच गादीला टेकताच कामा नये, खालून हात सहज फिरला पाहिजे. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांना साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे सूनबाईंना हुकमाच्या सुरात न सांगता त्यांच्यासोबत एकदा करून दाखव. भोक असलेली रबरी रिंग नको, तिच्या कडेनं रक्त अडतं.

जखमेवर हळद नको, टूथपेस्ट नको, कुणाच्या काकूंचं मलमही नको. बोट काळं पडलंय, कुजका वास येतोय, एकच पाय गरम आणि सुजलेला आहे, लाली वर सरकतेय, किंवा ताप आहे, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. कळव्याचं महापालिकेचं रुग्णालय जवळ आहे. चालवत नसेल तर 108 ला फोन कर. "गुरुवारपर्यंत बघू" हे वाक्य मात्र तिथे चालत नाही. आणि घरी आल्यावर वहीत लिही: तारीख, काय दिसलं, जखम किती सेंटिमीटर, पुढे कोण जाणार. फोटो नाही. जखमेचाही नाही, डॉक्टरांनी मागितला आणि आजोबांनी हो म्हटलं तर गोष्ट वेगळी.

चहा दिला तर घे. "नको, नको, उगाच त्रास" म्हणत तू उठलास, असं सूनबाई सांगत होत्या. योहानच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र पाय पुढे करायलाच तयार नव्हता, आणि येशूनं त्याचं ऐकलं नाही. त्याच अध्यायात, चौदाव्या वचनात, शब्द आहे 'एकमेकांचे'. एकमेकांचे पाय धुवा. देणारा हात नेहमी तुझाच आणि घेणारा नेहमी त्यांचा, असं झालं की तू त्या घरात साहेब होतोस, जमिनीवर बसलेला असलास तरी. म्हणून कप हातात घे, संपव, विसळून ठेव.

प्रार्थना त्यांनी म्हटली तरच. त्या चाळीत आपल्या लोकांची दोनच घरं आहेत, बाकी तुळशीवृंदावनवाली आणि एक-दोन मशिदीत जाणारी. कुठेही पत्रक ठेवायचं नाही, येशूचं नाव आपण होऊन काढायचं नाही. काही जणांना यात श्रद्धेची साक्ष कमी पडते असं वाटतं, आणि त्यावरून माझ्याशी वाद होतात. माझं म्हणणं बदललेलं नाही. जो पाय पळून जाऊ शकत नाही, तो हातात धरून कुणाला काही ऐकवू नये.

राहिलं पाचारण. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी चर्चेच्या मंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडायचा. विरोधकांनी विचारलं, तुम्ही आज गरिबांसाठी काय करता? त्या प्रश्नानं तो आणि त्याचे मित्र उठले, आणि सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना गरिबांच्या घरी कसं जायचं ते शिकवलं. आपल्या धर्मग्रामातली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था तिथून आली. जोडीनं घरी जायचं आणि नेमानं भेटायचं, ही पद्धत त्यांची. बोलता त्यालाही येत होतं, तुझ्यापेक्षा चांगलं. रिट्रीटच्या टीममध्ये जरूर जा, मी अडवणार नाही. पण कळव्यातून पळून तिकडे जाऊ नकोस. आधी इथले सहा महिने पूर्ण कर, मग विचार.

मी हट्टी आहे, न कळवता तीन वेळा चुकलेल्याचं नाव खोडते, उत्साही मुलं माझ्यामुळे गळतात, हे सगळं माझ्या कानावर येतं. एका दारी मी स्वतः "येते" म्हणून गेले नाही. पुढे जाऊन उपयोग उरला नव्हता. त्याची कहाणी तुला सांगायची नाही. वहीत रकाने तेव्हापासून आहेत, आणि ते राहतील. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन, आणि बदली माणूस असा की ज्याला त्या घरानं आधी पाहिलंय. यापेक्षा सोपा नियम मला करता आला नाही.

या गुरुवारी साडेसातला जा. फक्त तुझा जोडीदार बरोबर, तिसरा कुणी नाही. चपला बाहेर, उंबऱ्याशी थांब, आणि म्हण, "आजोबा, दोन गुरुवार चुकलो, कळवलं नाही, आणि न विचारता माणसं आणली. चुकलं." गाडीचं कारण सांगू नकोस. ते नको म्हणाले तर वाद न घालता परत फीर आणि पुढच्या गुरुवारी साडेसातला पुन्हा तिथेच उभा राहा. हो म्हणाले तर खाली बस, काम कर, आणि निघताना भिंतीवरच्या कालनिर्णयवर पुढच्या गुरुवारला त्यांच्याच हातानं खूण करायला सांग.

पंचे दोन आण, धुतलेले. टब त्यांच्याकडेच आहे, मोरीत, निळा.

तुझी,
मावशी